शेतातून जाऊ दिलेली वाट

भात झोडून झालं की आमच्या शेताला एक वास येतो. दवाने भिजलेल्या पेंढ्याचा, कापलेल्या धसकटांचा, आणि खाली अजून थोडी ओल धरून बसलेल्या मातीचा. दोन-चार दिवसच असतो तो. मग ऊन त्याला घेऊन जातं आणि जमिनीला बारीक भेगा पडायला लागतात. हा वास सुटला की आमच्या पाड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो. काल सकाळी तो लक्ष्या काकाने विचारला. दोन शेतं पलीकडे, त्याच्या खळ्यावर तो पेंढ्याचे भारे बांधत होता. तिथूनच ओरडला, "काय रे, खांड कवा पाडतोस?"

बाबा बांधावर उभे होते. हातात फावडं होतं. त्यांनी काकाकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं, आणि फावडं खांद्यावर टाकून घरी आले. रात्रीची भाकरी सकाळी चहात बुडवताना आम्ही तिघंही तेच मनात घोळवत होतो. या वर्षी वाट उघडायची की नाही?

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि लिहायला बसले की मला अजून वाटतं, कोणीतरी मागे उभं राहून चूक दाखवणार आहे. पण ही गोष्ट दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही. म्हणून लिहिते.

आमचा पाडा वाणगावच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी. पाडा आणि स्टेशन यांच्या मधे भाताची खाचरं आहेत, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. पावसाळ्यात या खाचरांतून कोणी जात नाही. जाणार कुठून, सगळीकडे पाणी आणि भात. तेव्हा आम्ही वरून जातो, टेकडीच्या अंगाने, जिथे नागली आणि वरईची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे. ती वाट लांब पडते. तिच्यावर निसरडे दगड आहेत, एक ओहळ आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत. एका हाताने छत्री आणि एका हाताने झाडं धरत चालायचं. दिवाळी झाली, भात घरी आलं की मात्र खाचरांमधून सरळ वाट पडते. मग बैलगाडी जाते, मोटारसायकल जाते, मिरचीच्या गोणी भरलेला टेम्पोसुद्धा जातो. लहानपणी मला खरंच वाटायचं की स्टेशनच सरकतं. पावसात ते लांब जातं आणि दिवाळीनंतर आमच्याजवळ येऊन बसतं.

पण ही वाट आपोआप पडत नाही. ती पाडावी लागते. ज्याचं शेत, त्याने स्वतःच्या हाताने आपल्या बांधाला गाडी जाईल एवढं खिंडार पाडायचं. त्यालाच आम्ही खांड म्हणतो. दुसऱ्याने त्या बांधाला फावडं लावायचं नाही, घाई कितीही असो. आणि ओळीतल्या सगळ्यांचं भात निघाल्याशिवाय पहिली खांड पडत नाही. शेवटचा नेहमी लक्ष्या काकाच असतो, कारण तो गरवं भात लावतो, उशिरा पिकणारं. दरवर्षी कोणीतरी त्याला बोलतंच, "काय रे लक्ष्या, तुझं भात नोकरीला लागलंय काय? सुट्टी नाय मिळत त्याला?" काका म्हणतो, "खाताना मग माझ्याकडंच येतास ना वासावर?" शेवटी त्याचंही निघतं. मग खांड पडते, उकरलेल्या मातीवर धान्याच्या देवीच्या, कणसरीच्या नावाने नव्या तांदळाचे चार दाणे ठेवतात, आणि पहिली पेंढ्याची गाडी हलत डुलत त्याच्यावरून जाते.

पहिल्या आठवड्यात ती वाट खडबडीत असते, धसकटं पायाला टोचतात. मग ती मऊ होत जाते. शिमग्यापर्यंत इतकी गुळगुळीत आणि पांढरी होते की चांदण्यात नुसती उठून दिसते. तिच्यावरची धूळ पिठासारखी असते. शाळेतून येताना आम्ही मुली चपला हातात घेऊन त्या धुळीतून चालायचो.

पुढे आभाळ भरून यायला लागलं की शेतकरी आपल्या खांडीत बोरीची काटेरी फांदी आडवी टाकतो. बस. फाटक नाही, कुलूप नाही. शेळीसुद्धा उडी मारून जाईल अशी फांदी. पण ती पडली की माणूस त्या शेतातून जात नाही. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात हे चांगलंच कळलं. लग्न उशिराचं, आणि वरात आली वेवजीहून, गुजरातच्या हद्दीवरून. टेम्पोत बॅन्जोवाले, मागे पाहुणे. आदल्याच दिवशी ढग आले होते आणि बाबांनी फांदी टाकली होती. वेवजीची माझी मावशी टेम्पोतून उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, एक काटा आडवा टाकला ने, तो शू थयू? उचला ने!" ड्रायव्हर उचलायला वाकलासुद्धा. पण नवरदेवच म्हणाला, "नको नको, दुसऱ्याचं शेत हाय." मग ती सगळी वरात, बॅन्जो वाजवत, टेकडीवरून आली. ढोलवाला ओहळात घसरला. ढोल आधी पोचला, माणूस नंतर. मावशी अजून टोमणा मारते, "तुमच्याकडे ने, काटा सरपंचापेक्षा मोठा."

गेल्या वर्षी पौषात, वाट चांगली मळलेली असताना, मोजणीची माणसं आली. वाणगावच्या आजूबाजूला आता खूप काही येणार आहे म्हणतात. मोठे रस्ते येणार, कारखाने येणार, वस्ती वाढणार, म्हणून सगळ्या भागाचा विकास आराखडा करायचा होता. टोप्या घातलेली तरुण मुलं होती ती, माझ्यापेक्षा फार मोठी नसतील. त्यांनी तिपाई लावली आणि आकाशात एक भुणभुणणारं यंत्र सोडलं. आमच्या कोंबड्या पाटीखाली पळाल्या. कुत्रा आभाळावर भुंकत राहिला.

त्या मुलांनी विचारलं, "हा रस्ता कुठे जातो?"

आणि इथे आमच्या माणसांनी ते केलं, जे फक्त आमचीच माणसं करतील. आजवर जो जो साहेब आला त्याला आम्ही सांगत आलो की रस्ता नाही. त्याने मान हलवली आणि तो गेला. या वेळी कोणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच आलं. आपल्याकडेही काहीतरी आहे हे दाखवावं.

"थेट स्टेशनला जातो!" लक्ष्या काका म्हणाला.

"गाडी जाते?"

"गाडी? टेम्पो जातो! वरात जाते!" आणि त्याने बैल जुंपले, गाडी खाचरांतून एकदा तिकडे नेली, एकदा इकडे आणली. यंत्र वरून फोटो काढत होतं. आई पदर सावरत म्हणाली, "खडी तरी पडेल आता." पावसाचं कोणी बोललं नाही. पौषात पाऊस कोणाला आठवतो?

त्याच सुमारास कॉलेजात आमच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं होतं. रस्ता आला की बाजूच्या जमिनीला भाव येतो, भाव आला की घरं आणि दुकानं येतात, ती आली की गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की रस्ता पुरत नाही, मग तो रुंद करतात. सर म्हणाले, "जमीन कशासाठी वापरायची आणि माणसांनी कुठून कसं जायचं, हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायचे असतात. शहरं बिघडतात ती हे वेगवेगळ्या टेबलांवर ठरवल्यामुळे." मला ते वाक्य फार आवडलं. बाकावर बसल्या बसल्या मला आमची खाचरं दिसली. एकच जमीन, पावसात शेत आणि उन्हात वाट. आमच्याकडे तर हे दोन्ही प्रश्न एकाच बांधावर सुटतात, असं मला वाटलं आणि जरा बरंही वाटलं. हात वर करून सांगावं असं मनात आलं. पण वर्गात बोलायची मला सवय नव्हती.

माघात आराखडा लागला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा. बाबा आणि मी पाहायला गेलो. आधी आमचा पाडा सापडेना. मग एक बारीक ठिपका दिसला. त्याच्यापासून स्टेशनपर्यंत एक जाड राखाडी पट्टा होता, पट्टीने ओढल्यासारखा सरळ. त्याच्यावर लिहिलं होतं, अस्तित्वातील रस्ता, रुंदीकरण प्रस्तावित. दोन्ही बाजूंना पिवळा रंग, म्हणजे राहण्याची घरं. टेकडीकडे नुसता हिरवा रंग आणि त्याच्यात काहीच नाही. ज्या वाटेने आम्ही सगळा पावसाळा जातो ती तिथे नव्हतीच. ती झाडांखालून जाते. वरून ती दिसणार कशी?

बाबांनी विचारलं, "आपलं शेत कुठं हाय?"

मी बोट ठेवलं.

"हा तर रस्ता हाय."

"हो."

"मग शेत कुठं हाय?"

तिथे बसलेल्या एका माणसाने आमच्याकडे न बघताच म्हटलं, "रस्ता नाही म्हणून बोंब मारायची, आणि रस्ता दिला की शेत आडवं घालायचं. एक काय ते ठरवा."

हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. आम्हीच का एक काय ते ठरवायचं? वाणगावच्या बाजारातल्या दुकानदाराला कोणी विचारत नाही की तुला दुकान पाहिजे की दुकानापर्यंत जायला रस्ता. मुंबईच्या माणसाला कोणी म्हणत नाही की घर घे नाहीतर गाडी पकड, दोन्ही मागू नकोस. आम्ही दोन्ही मागितलं की मात्र आम्ही आडमुठे.

परत येताना बाबा त्या वाटेवरून चालले नाहीत. वाट सोडून बाजूने, धसकटांवरून चालत राहिले. मी वाटेवर होते, ते दहा हातांवर शेतात. घर येईपर्यंत आम्ही तसेच चाललो.

दुसऱ्या दिवशी, आभाळात एक ढग नसताना, बाबांनी खांडीत बोरीची फांदी आडवी टाकली.

पाड्यात खळबळ उडाली. माघात फांदी कोणी पाहिली नव्हती. लक्ष्या काका आला, फांदीकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "पाऊस येतोय काय?" बाबा म्हणाले, "रस्ता येतोय." काकाने बिडी पेटवली, विझवली, परत पेटवली. संध्याकाळी त्याच्या खांडीतही फांदी पडली. मग एकेक करत साऱ्या ओळीत.

मग आम्ही कडक उन्हात पावसाची वाट चालायला लागलो. मिरची तोडणाऱ्या बाया डोक्यावर गोणी घेऊन टेकडी चढायच्या आणि बाबांच्या नावाने बोटं मोडायच्या. "तुझ्या बापाला सांग, शेताला पहारा घातलाय, आता बंदूक पण घे," एकजण मला म्हणाली. शाळेची पोरं करवंदाला लटकत जायची आणि उशिरा पोचायची. खाली खाचरांमध्ये ती पांढरी वाट तशीच पडली होती, रिकामी. तिच्यावर फक्त टिटव्या चालत होत्या. मला बाबांचा अभिमान वाटायचा आणि वाईटही वाटायचं. हट्ट करताना असं होतं का, मला माहीत नाही. आपण ज्याच्याविरुद्ध हट्ट करतो तो लांब कुठेतरी पंख्याखाली बसलेला असतो आणि चटके आपल्याच माणसांना बसतात.

फाल्गुनात एका दुपारी काकाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. इको गाडी बोलावली. ती स्टेशनकडून आली, बाकीच्यांनी आपापल्या फांद्या काढून तिला वाट दिली, आणि ती खाचरांच्या अलीकडच्या टोकाला, आमच्या फांदीपाशी थांबली. काका इकडच्या बाजूने धावत आला. त्याच्या मागून सुनेला खाटेवर घेऊन चौघं आले. मी घरातून पळाले. बाबा टेकडीवर लाकडं तोडत होते, तिथूनच हात हलवत ओरडत खाली येत होते, "उचल! लक्ष्या, उचल ती!"

काका फांदीसमोर उभा होता. त्याच्या तोंडावर घाम होता. पण त्याने फांदीला हात लावला नाही. "तू उचल," तो ओरडला, "शेत तुझं हाय!"

ड्रायव्हर बघतच राहिला. मी धावत गेले आणि फांदी ओढून बाजूला केली. हाताला काटे लागले, तेही नंतर कळलं. गाडी आत आली, खाट चढली, धूळ उडवत गाडी गेली. बाबा पोचले तेव्हा धूळसुद्धा खाली बसली होती. दोघं मित्र दम लागलेले, बांधावर बसले. मग काका म्हणाला, "रस्ता पाहिजेच रे आपल्याला."

"पाहिजेच," बाबा म्हणाले. "मी कुठं नाय म्हणतो? पण इथून नाय. वरून पाहिजे."

मुलगी झाली. मला वाटतं आमचं खरं म्हणणं काय आहे ते त्या दुपारी, त्या बांधावर आम्हाला नीट सापडलं. आधी आम्ही फक्त नाही म्हणत होतो.

मी कॉलेजात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय होणार? हरकतींची सुनावणी आहे. तिथे सांग." तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात ती सुनावणी होती. आम्ही पाड्यातले खूप जण गेलो. टेबलामागे साहेब लोक, आणि बाजूला आराखडा करणाऱ्या कंपनीतली एक मॅडम लॅपटॉप घेऊन. आमची पाळी आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, ते मला सोडवेना.

"हा रस्ता नाही," मी म्हणाले. "हे शेत आहे. दिवाळीनंतर आम्ही त्यातून जाऊ देतो."

"म्हणजे लोक जातात ना तिथून?" एका साहेबांनी विचारलं.

"जाऊ दिलं म्हणून जातात."

"तेच ते."

"तेच नाही, सर." मागून काका कुजबुजला, "बोल मंजे, बोल." मी बोलले. मी म्हणाले की आमच्या खाचरांचं पाणी वरच्यातून खालच्यात उतरतं. मधून भराव टाकून रस्ता नेला तर तो न फुटणारा बांध होईल. वरच्या अंगाला पाणी कुजेल आणि खालच्या अंगाला भात वाळेल. स्टेशनजवळ असं एक शेत मी रोज बघते, रस्त्याच्या कडेला, दोन दुकानांच्या मधे. त्यात आता गटाराचं पाणी आणि शेवाळ आहे. पिवळा रंग द्यायला दुसरी जमीन मिळेल, भात पिकणारी सपाट जमीन आमच्याकडे एवढीच आहे.

लॅपटॉपवाल्या मॅडमनी मान वर केली. "मग पावसाळ्यात तुम्ही कुठून जाता?"

हा प्रश्न आम्हाला तोवर कोणीच विचारला नव्हता. "वरून," मी म्हणाले. "टेकडीच्या अंगाने. तिथून रस्ता करा. बस चालवा, गाडीच्या वेळेला. ती वरकस जमीन ज्या दोन घरांची आहे ते आलेत आमच्याबरोबर. ते देतो म्हणतात."

मागून त्यांतला एकजण उठला. "देऊ. नागली दुसरीकडं घेऊ. पण बस आली पाहिजे. नुसता रस्ता करून पळाल तर नाय चालणार."

"इथे नकाशावर तर काहीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"पावसात या, मग दिसेल."

सभागृहात हशा झाला. साहेब म्हणाले, "पावसात सर्वेक्षण होत नसतं, बाई."

"पावसात बाळंतपणं होतात, सर," मी म्हणाले. "परीक्षा पण होतात."

मग मी खाली बसले. पुढचं कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही.

मॅडम खरंच आल्या. श्रावणात, एकट्या, आवण, म्हणजे लावणी, होऊन भात मांडीला लागलेलं असताना. छत्री उलटी झाली होती त्यांची. त्या आमच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या आणि समोर बघत राहिल्या. खांड कधीच बुजवली होती. हिरवं इकडून तिकडे एकसारखं हलत होतं.

"रस्ता कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"हाय की, पाण्याखाली," काका म्हणाला. "बेडकं जातात त्याच्यावरून. त्यांना रुंद करून द्या."

त्या हसल्या. मग वरच्या वाटेने पूर्ण चालल्या. ओहळाशी घसरल्या, उठल्या, चिखल तसाच ठेवून पुढे निघाल्या. पाणी कुठे जोरात येतं, कोणता भाग वाहून जातो, पोरं कुठे थांबतात, सगळं विचारलं. पण त्यांनी आम्हाला गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "इथून रस्ता करणं सोपं नाही. टेकडी कापावी लागेल, झाडं आहेत, वनखात्याची परवानगी लागते. सरळ रेषेपेक्षा सगळं अवघड. मी लिहीन. पण ठरवणारी मी नाही." जाताना आईने त्यांना वाफाळता कोरा चहा दिला आणि सांगितलं, "सोपं नाय ते आम्हाला पण माहीत हाय. आम्ही रोज चालतो."

अजून अंतिम नकाशा आलेला नाही. येईल तेव्हा त्यात काय असेल ते मला माहीत नाही. सर म्हणतात तयारी ठेव. मी ठेवली आहे. राखाडी पट्टा तिथेच असेल तर आम्ही पुन्हा जाऊ, आणि त्याच्या वर कुठे जायचं असतं तेही मी शिकून घेतलं आहे. या वेळी ओढणीचं टोक गुंडाळणार नाही.

पण नकाशा थांबला तरी भात थांबत नाही. ते पिकलं, कापलं, झोडलं, आणि तो वास पुन्हा आला. आज सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा बाबा पुन्हा बांधावर होते. आज लक्ष्या काका जवळ येऊन उभा होता. मागे त्याची पेंढ्याची गाडी भरलेली, बैल शेपट्या हलवत होते. पाड्यातली माणसं जमली होती, मिरचीवाल्या बायाही. सगळे फावड्याकडे बघत होते.

"पाडलीस तर परत वरून फोटो काढतील," काका म्हणाला. "परत म्हणतील रस्ता हाय."

"काढू दे."

"आणि शेत गेलं तर?"

बाबांनी फावडं बांधात घातलं. मातीचं पहिलं ढेकूळ बाजूला पडलं. "कागदाला भिऊन मी माणसांची वाट अडवू?" ते म्हणाले. "एक वर्ष अडवली. तुझ्या सुनेच्या वेळी मी वर होतो. त्या दिवसापासून मला झोप लागत नव्हती. शेत पण सोडणार नाय आणि वाट पण बंद करणार नाय. काय करायचं ते करू देत."

खांड पडली. त्यांनी चार दाणे ठेवले. मग गेल्या वर्षीची ती बोरीची फांदी, वाळून कडक झालेली, कुंपणाशी पडली होती ती ओढत आणली आणि खांडीच्या अगदी तोंडाशी, बांधावर उभी रोवली. वाटेत नाही, वाटेच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि वरून बघणाऱ्याला दिसेल अशी.

काकाने बैल हाकले. गाडी खांडीपाशी आली आणि त्याने कासरा ओढून ती थांबवली. इतक्या वर्षांत खांड पडल्यावर कोणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. पाडली म्हणजे जा, हे सगळ्यांना माहीतच असतं. काकाने मान मागे टाकली, तोंड थेट आभाळाकडे केलं आणि ओरडला, "जाऊ काय रे तुझ्या शेतातून?"

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनीही तोंड वर केलं. "जा! शेत माझं हाय, तू जा!"

एक बाई हसली. मग तिने डोक्यावरची गोणी सावरली, वर बघितलं आणि ओरडली, "भाऊ, जाऊ काय?" तिच्यामागून दुसरी. मग पोरं, त्यांना तर निमित्तच पाहिजे होतं. मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवून विचारलं, त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या, म्हणून त्याने गाडी बंद करून तोंडाने विचारलं. आभाळ रिकामं होतं, तिथे यंत्र नव्हतं, काही नव्हतं. तरी प्रत्येक जण वर तोंड करून विचारत होता आणि बाबा प्रत्येकाला वर तोंड करून उत्तर देत होते. त्यांचा घसा बसत आला होता.

माझी गाडी चुकणार होती. मी बॅग खांद्याला अडकवली आणि खांडीपाशी जाऊन उभी राहिले. घरच्या माणसाने विचारायचं नसतं खरं तर. पण मी मान मागे टाकली आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"बाबा, जाऊ काय?"

"जा," ते म्हणाले. "संध्याकाळी इथूनच ये."